अप नेपा!

फेब्रुवारी सरत आला होता. सकाळची शाळा अजून सुरू व्हायची होती आणि दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या सोलापूरकडचं ऊन म्हणजे काय, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. चौथीच्या वर्गात भागाकार चालला होता. डोक्यावरचा पंखा गरगरत होता, तो हळूहळू मंद झाला, मग कुईऽऽ करून थांबला.

"बाई, लाईट गेलीऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. भागाकार तिथंच राहिला. वह्यांचे पंखे झाले, पुठ्ठ्यांचे पंखे झाले. वीस-पंचवीस मिनिटं अशीच गेली आणि एकदम पंखा फिरू लागला. आणि काय सांगू, माझा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून मोठ्ठ्यानं शब्द निघाले, "अप नेपा!"

वर्ग चिडीचूप. बाईंना ऊन लागलं की काय, अशा नजरेनं पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग पहिल्या बाकावरच्या एकीनं भीत भीत विचारलं, "बाई, नेपा कोण?"

म्हटलं, सांगते. त्या दिवशी भागाकार काही पूर्ण झाला नाही. वर्गाला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगते.

नेपा कुणी माणूस नाही. नायजेरिया नावाचा एक मोठा देश आफ्रिकेच्या पश्चिमेला आहे. तिथल्या जुन्या वीजमंडळाचं नाव होतं नॅशनल इलेक्ट्रिक पॉवर ऑथॉरिटी. त्याची आद्याक्षरं जोडली की होतं 'नेपा'. लोकांनी त्या अक्षरांचा दुसराही अर्थ लावला होता : 'नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज', म्हणजे वीज कायम असेल अशी आशाच धरू नका! हे मंडळ 2005 साली बंद झालं, पुढे 2013 मध्ये वीजवाटपाचं काम खाजगी कंपन्यांकडे गेलं. पण गेलेली लाईट आली, की गल्लीतली सगळी पोरं उड्या मारत अजूनही त्याच जुन्या नावानं ओरडतात, "अप नेपा!" नेपाचा विजय असो! मंडळ गेलं, आरोळी राहिली.

ही आरोळी मी शिकले कानो नावाच्या शहरात. माझ्या यजमानांना तिथल्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. 2015 साली आमच्या चार वर्षांच्या लहानग्याला घेऊन आम्ही तिकडे गेलो आणि 2017 मध्ये परत आलो.

कानो हे नायजेरियाच्या उत्तरेचं फार जुनं शहर. त्याच्याभोवती एकेकाळी मातीचा प्रचंड तट होता, त्याचे तुकडे अजून उभे आहेत. कापडाला निळीचा रंग देण्याचे शेकडो वर्षांचे खड्डे आहेत आणि त्यात आजही कापड बुडवतात. तिथून वर उत्तरेला गेलं, की पुढे सहारा वाळवंट. हिवाळ्यात त्या वाळवंटावरून 'हरमाटन' नावाचा कोरडा वारा येतो आणि घरातल्या भांड्यांवरसुद्धा बारीक धुळीची साय धरते. मार्च उजाडला की ऊन तापतं आणि एप्रिलमध्ये पारा चाळीसला टेकतो. मी सोलापूरची, मला उन्हाचं कसलं कौतुक, असं मी विमानात यजमानांना ऐटीत म्हणाले होते. बरं का, हे वाक्य लक्षात ठेवा.

तिथं गेल्या गेल्या पहिली गंमत कळली ती शब्दांची. आपण म्हणतो 'लाईट गेली', जणू ती स्वतःच चपला घालून बाहेर पडली. तिथले लोक म्हणतात 'लाईट नेली'! कुणीतरी उचलून नेली. कानोच्या लोकांची भाषा हौसा. त्या भाषेत विजेला म्हणतात 'वुता', आणि वुताचा खरा अर्थ विस्तव. लाईट आली की म्हणायचं 'अन कावो वुता', विस्तव आणला! पूर्वी आपल्याकडे चूल पेटवायला शेजारणीकडून निखारा मागून आणत, तशीच ही वीज. कधी मिळेल, किती वेळ टिकेल, काही नेम नाही.

भारनियमन आम्हाला का नवीन होतं? मी डी. एड. करत होते, तेव्हा आमच्या गावात दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसायची. कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसून मी पाठ काढले आहेत. पण आपल्याकडे निदान वेळापत्रक असायचं. कानोत वेळापत्रक नव्हतं. दिवसाकाठी पाच-सहा तास लाईट आली तर भाग्य! तीही सलग नाही. कधी पहाटे दोनला यायची. मग मी झोपेतून उठून इस्त्री करायची, मिक्सरवर वाटण काढायची, यजमान बोअरची मोटर लावून वरची टाकी भरून घ्यायचे. पहाटे अडीचला आमच्या घरात दिवाळीसारखी धांदल असायची. लहानगा डोळे चोळत विचारायचा, "आई, सकाळ झाली?" मी म्हणायची, "नाही रे राजा, लाईट आली."

दही चार तासांत लागायचं आणि पुढच्या चार तासांत आंबटढाण व्हायचं. इडलीचं पीठ पातेल्याबाहेर येऊन ओट्यावर फिरायला निघायचं. टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापायचं, की हात धुवायला नळ सोडला तर चटका बसायचा. मोटर चालली नाही, की 'माई रुवा' म्हणजे पाणीवाल्याची वाट बघायची. तो हातगाडीवर पिवळे कॅन लावून गल्लीतून यायचा.

आता तुम्ही विचाराल, बाई, तो देश फार गरीब आहे का? त्यांच्याकडे कोळसा, तेल, काहीच नाही का?

तीच तर गंमत आहे. नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदी समुद्राला मिळते तिथं, जमिनीखाली तेलाचे आणि नैसर्गिक वायूचे मोठे साठे आहेत. देशाची बरीचशी वीज या वायूवरच तयार होते. शिवाय नायजर नदीवर काइंजीचं धरण आहे. ते 1968 साली सुरू झालं. पण त्या वर्षांत देशभर मिळून जेमतेम चार-पाच हजार मेगावॅट वीज लोकांपर्यंत पोहोचायची, कधी त्याहूनही कमी. आपल्या एकट्या महाराष्ट्राला उन्हाळ्यात वीस हजार मेगावॅटच्या वर वीज लागते, आणि नायजेरियाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त! वायू नेणाऱ्या नळ्या फुटतात, कधी कुणी मुद्दाम फोडतं. तारा जुन्या. आणि कानो पडलं वायूच्या साठ्यांपासून शेकडो किलोमीटर दूर, तारेच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्यात वीजजाळं कोसळतं. म्हणजे काय, तर चार बैलांचा गाडा चढावर आहे असं समजा. एक बैल मटकन बसला, की त्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो. मग दुसरा बसतो, मग तिसरा, आणि शेवटी सगळा गाडाच थांबतो. वीजकेंद्रांचं तसंच. सगळी एकमेकांना तारांनी जोडलेली असतात. एक बंद पडलं आणि मागणी वेळेवर कमी केली नाही, की उरलेली भराभर बंद पडतात. 31 मार्च 2016 या दिवशी असंच झालं. काही तास सगळ्या नायजेरियात तयार होणारी वीज शून्यावर आली होती. शून्य! 2024 सालीही तिथलं वीजजाळं अनेक वेळा कोसळलं.

मग लोक काय करतात? जनरेटर आणतात. कानोत दुकानापुढे जनरेटर, न्हाव्याच्या खुर्चीमागे जनरेटर, शिंप्याच्या मशीनशेजारी जनरेटर. संध्याकाळी लाईट गेली, की एकेक करून धुप् धुप् धुप् सुरू व्हायचं आणि सगळी गल्ली थरथरायला लागायची. त्यात एक अगदी छोटा, हातानं उचलता येणारा जनरेटर असतो. एक-दोन दिवे आणि एखादा पंखा चालवणारा. त्याला लोकांनी त्यांच्या धाटणीच्या इंग्रजीत नाव दिलंय, 'आय बेटर पास माय नेबर'. म्हणजे, शेजाऱ्यापेक्षा मी बरा!

हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. आमचा जनरेटर तर त्याहून मोठा होता. कारखान्यानं दिलेला. बंगलीच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीला लागून तो ठेवलेला होता. लाईट गेली की आमचा राखणदार, त्याला तिकडे 'माईगाडी' म्हणतात, जाऊन दोरी ओढायचा. मी एक ते वीस आकडे मोजेपर्यंत आमचे पंखे सुरू! आजूबाजूला काळोख आणि आमच्या खिडक्या उजळलेल्या. खोटं कशाला बोलू, मला त्याची ऐट वाटायची.

त्या मागच्या भिंतीपलीकडे एक मोठं कुटुंब राहायचं. अंगणात उंच कडुलिंब. कडुलिंब तिकडे कसा, म्हणाल. साधारण शंभर वर्षांपूर्वी हे झाड मुद्दाम तिकडे नेऊन लावलं गेलं आणि आता उत्तर नायजेरियात ते जिथं तिथं दिसतं. हौसा लोक त्याला 'दोगोन यारो' म्हणतात, म्हणजे उंच पोरगा! त्या घरच्या कर्त्या बाईंना सगळे 'हाजिया' म्हणत. हज करून आलेल्या बाईला मानानं असं म्हणतात. त्यांचं शेंडेफळ म्हणजे अकरा-बारा वर्षांची एक तरतरीत मुलगी. शेंडेफळाला हौसात 'औता' म्हणतात, म्हणून आम्हीही तिला औताच म्हणायचो. ती शाळेत इंग्रजी शिकायची. हाजियांना इंग्रजी बेताचंच, पण हिंदी सिनेमे त्यांना भारी आवडायचे. कानोत पुष्कळांना आवडतात. अर्थ कळत नसला तरी त्या गाणी गुणगुणायच्या. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्या मला 'मलामा' म्हणायला लागल्या. मलामा म्हणजे बाई. आपली शाळेतली बाई!

पण हे सगळं भिंतीवरून. भिंत ओलांडून मी नऊ महिन्यांत एकदाही गेले नव्हते.

आणि मग आला 2016 चा एप्रिल.

त्या वर्षी फेब्रुवारीत दक्षिणेकडची एक मोठी पाइपलाइन कुणीतरी फोडली होती. त्यामुळे वायू कमी, म्हणून वीज कमी. वीज नाही म्हणून जनरेटर चालवावा, तर पेट्रोल मिळेना. तेलाच्या देशात पेट्रोल मिळेना, असं का? कारण जमिनीतून निघतं ते कच्चं तेल. त्याचं पेट्रोल करणारे तिथले कारखाने धड चालत नव्हते, त्यामुळे तयार पेट्रोल परदेशातून विकत आणावं लागायचं, आणि त्या वर्षी तेवढे डॉलर देशाजवळ नव्हते. पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. माणसं रात्री गाडीतच झोपायची. आमचे शेवटचे दोन कॅन संपले आणि जनरेटर मुका झाला.

पहिला दिवस निघाला. दुसरा निघाला. फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी झालं, पाण्याचं कोमट पाणी झालं. भिंती रात्रीसुद्धा तव्यासारख्या तापलेल्या. तिसऱ्या रात्री आमच्या लहानग्याला सणकून ताप भरला. थर्मामीटर एकशे तीनच्या वर. कपाळावर पट्टी ठेवायची, तर नळाचं पाणीच कढत. त्या काळात अंधार पडल्यावर बाहेर जायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद होती. यजमान पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मी नुसती रडत होते. विमानातलं माझं वाक्य आठवतंय ना? ते मला त्या रात्री फार आठवलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. माईगाडी कंदील घेऊन आला, मागे औता. तिच्या डोक्यावर मातीचा घडा. भिंतीपलीकडून त्यांनी पोराचं रडणं ऐकलं होतं.

"हाजियांनी पाणी पाठवलंय," औता म्हणाली.

घड्यात हात घातला आणि अंगावर शहारा आला. इतकं गार! लाईट नाही, बर्फ नाही, फ्रीज नाही, आणि हे गार पाणी! आम्ही त्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, अंग पुसलं. तासाभरानं ताप जरा उतरला, पोर झोपलं. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. मलेरिया निघाला. औषधानं चार दिवसांत खडखडीत बरा झाला.

आभार मानायला मी पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेले. कडुलिंबाखाली वाळूत अर्धा पुरलेला एक मोठा रांजण होता. त्याला ते 'रांदा' म्हणतात. आपला रांजण आणि त्यांचा रांदा! आत स्वच्छ पाणी, वर झाकण. शेजारी आणखी एक गंमत होती. मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवलेलं, मधल्या जागेत ओली वाळू, वरून ओलं फडकं. फडकं उचललं तर आत टोमॅटो, वांगी, मिरच्या. ताजी टवटवीत!

बालमित्रांनो, या मडक्यामागे एक शिक्षक आहेत, म्हणून मला त्याचं फार अप्रूप. मोहम्मद बाह अब्बा हे त्यांचं नाव. कानोला लागून जिगावा नावाचं राज्य आहे, तिथले ते. घराणं कुंभारांचं. वीज नसलेल्या खेड्यांत भाजी एक-दोन दिवसांत सडते, म्हणून लहान मुलींना शाळा सोडून रोज ती विकायला जावं लागतं, हे ते बघत होते. मग 1990 च्या दशकात त्यांनी ही मडक्यात मडकं बसवायची जुनी युक्ती नीट करून पाहिली, कुंभारांकडून हजारो मडकी करवून घेतली आणि खेडोपाडी पोहोचवली. तीन दिवसांत खराब होणारी वांगी या मडक्यात सत्तावीस दिवस टिकली. या कामासाठी त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

गार का होतं, ते तुम्हाला माहीत आहे. घाम आल्यावर वारा लागला की गार वाटतं ना? तेच. वाळूतलं पाणी मडक्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते मडक्यातली उष्णता घेऊन जातं. मात्र हवा कोरडी पाहिजे. म्हणून हे मडकं कानोत चालतं, आमच्या सोलापुरात चालतं. पण समुद्राकाठच्या दमट हवेत, म्हणजे नायजेरियातल्या लागोसला किंवा आपल्या रत्नागिरीला, त्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथं पाण्याची वाफच लवकर होत नाही.

हे सगळं मी कौतुकानं बघत होते. मग औता मला तिची खोली दाखवायला घेऊन गेली. तिला सहावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा होता आणि मलामाला वह्या दाखवायच्या होत्या.

खोलीत शिरले आणि जीव घुसमटला. एकच खिडकी, ती गच्च बंद. फटींमध्ये चिंध्या कोंबलेल्या, वर पुठ्ठा ठोकलेला. चाळीस अंश उन्हात! मी विचारलं, "अगं, खिडकी का लावून घेतलीस?"

औतानं आईकडे पाहिलं. हाजिया काही बोलल्या नाहीत. मग ती हळूच म्हणाली, "स्मोक, आंटी." धूर.

मी बाहेर जाऊन बघितलं. खिडकीच्या वरच्या भिंतीवर काजळीचा हातभर काळा पट्टा. समोर कुंपणाची भिंत. आणि भिंतीच्या वरून, अगदी खिडकीच्या रोखानं आलेलं एक लोखंडी नळकांडं. आमच्या जनरेटरचं.

मला एकदम सगळं आठवलं. संध्याकाळी आमचा जनरेटर सुरू झाला, की भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. कोरडा, सारखा खोकला. तो मी कितीदा तरी ऐकला होता. ऐकून मी काय केलं होतं, सांगू? "शेजारच्या पोरीला कसला खोकला झालाय, आपल्या बाळाला लागायला नको," असं यजमानांना म्हणून त्या बाजूची आमची खिडकी बंद करून घेतली होती! नऊ महिने माझा पंखा त्या पोरीच्या छातीवर फिरत होता आणि 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' या नावाला मी हसत होते.

मला शब्द सुचेनात. मी हाजियांना एवढंच विचारू शकले, "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

त्या औताशी हौसात काहीतरी बोलल्या. औतानं सांगितलं, "आई म्हणते, तुमचं बाळ लहान आहे. त्याला पंखा लागतो."

मग हाजियांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "साई हकुरी." म्हणजे धीर धरावा, सोसावं. लाईट गेली, पेट्रोल संपलं, पाणी आलं नाही, काही झालं तरी तिकडे हाच शब्द. पण मला वाटलं, लाईट नसण्याचं सोसणं वेगळं आणि माझ्या धुराचं सोसणं वेगळं. हे दुसरं त्यांनी का सोसावं? वर त्यांनी शेंगदाण्याची 'कुली-कुली' माझ्या हातात ठेवली, लहानग्यासाठी.

त्या रात्री घरात आमची बरीच चर्चा झाली. जनरेटर हलवायचा तर पुढच्या फाटकाजवळ न्यावा लागणार, लांब वायर, वर पत्र्याचं छप्पर, खर्च. शिवाय तो आमच्याच झोपायच्या खोलीजवळ येणार. यजमान म्हणाले, "आवाज सहन होईल तुला?" मी म्हटलं, "आवाजाला कान झाकता येतात."

मे महिन्यात सरकारनं पेट्रोलचा भाव लिटरला साडेशहाऐंशी नायरांवरून एकशे पंचेचाळीस केला आणि हळूहळू पेट्रोल मिळू लागलं. तोपर्यंत आमचा जनरेटर पुढे गेला होता. नळकांडं वर, मोकळ्या आभाळाकडे वळवलं होतं. रात्री नऊनंतर तो बंद करायचा असंही ठरवलं. प्रामाणिकपणे सांगते, त्यात महागड्या पेट्रोलचाही वाटा होता. मग अंधारात आम्ही गॅलरीत चटई टाकून पडायचो. लहानगा आकाशातले तारे हौसात मोजायचा. दाया, बियू, उकू... त्याला ते औतानं शिकवलं होतं. संध्याकाळी ती आमच्या टेबलाशी अभ्यासाला यायची. भागाकार तिलाही अवघड जायचा!

एके दिवशी मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडून हाक आली, "मलामाऽऽ!" बघते तर खिडकीतला पुठ्ठा काढलेला, चिंध्या गेलेल्या आणि गजांमागे हातात पुस्तक घेऊन औता. खोकला लगेच नाही गेला. पण हळूहळू मला तो ऐकू यायचा बंद झाला. भिंतीवरचा काळा पट्टा मात्र आम्ही परत यायला निघालो तरी तसाच होता. काजळी सहजासहजी जात नाही.

एक गोष्ट आई-बाबांनाही वाचून दाखवा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो आणि दगावतो. म्हणून जनरेटर कधीही खोलीत, जिन्याखाली, बंद गॅलरीत किंवा कुणाच्याही खिडकीजवळ चालवायचा नाही. स्वतःच्याही नाही आणि शेजाऱ्याच्याही नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर आधी मोकळ्या हवेत पळायचं.

ही गोष्ट वर्गाला सांगितली तेव्हा पोरं गप्प बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही कुंभाराकडून दोन मडकी आणली, मधे ओढ्याची वाळू भरली, सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची पाळी लावली. एक टोमॅटो मडक्यात, एक खिडकीत. खिडकीतला चौथ्या दिवशी सुरकुतला. मडक्यातला अजून कडक आहे. पोरं रोज त्याला दाबून बघतात, तेवढ्यानंच तो मऊ व्हायचा!

पण मला खरा आनंद झाला तो पुढच्या आठवड्यात. गावात एक लग्न होतं. मांडवामागे भाड्याचा जनरेटर लावला होता. वऱ्हाडी जेवत होते. आमच्या वर्गातला एक पोरगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, जनरेटरवाल्याजवळ गेला आणि म्हणाला, "काका, ह्याचा धूर त्या म्हातारीच्या घरात चाललाय. जरा फिरवा की." काका आधी खेकसले. पोरगा हलला नाही. आणखी दोघं-तिघं येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. शेवटी काकांनी मदतनीसाला हाक मारली आणि जनरेटर ढकलून पलीकडे, मोकळ्या रानाच्या बाजूला नेला. तेवढ्यासाठी दोन मिनिटं मांडवातली लाईट बंद करावी लागली. सगळीकडे ओरडा झाला.

आणि लाईट परत आली तेव्हा पंगतीतून आठ-दहा बारीक आवाज एकदम उठले,

"अप नेपाऽऽ!"

वऱ्हाडी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी मात्र पानातली जिलेबी उचलली आणि गुपचूप खाऊ लागले.